दाराची आतली बाजू

११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. मी ठीक आहे, तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. वहिनीला एक नमस्कार सांग. आईला दोन सांग, एक ती विसरेल.

फोन करू नकोस, पत्र लिहीत जा, असं तू म्हणालास ते मला पटलं. फोनमधून माझा आवाज आला की आई मला घरभर शोधते, कपाटं उघडते, पलंगाखाली वाकते आणि मग जेवत नाही. कागदाचं बरं असतं, वाचून झाला की घडी घालून ठेवता येतो. फक्त माझं अक्षर सोसून घे. मास्तर म्हणायचे ना, कोंबडीचे पाय शाईत बुडवून सोडली तरी याच्यापेक्षा बरं लिहील.

आता मुद्द्याचं. बेकरी सोडली. लगेच कपाळाला हात लावू नकोस. बर्फाच्या कारखान्यात दात वाजायचे, टायरच्या दुकानात मालक वाजायचा, बेकरीत सगळं चांगलं होतं तर भिंतीच अंगावर यायला लागल्या. माझ्या पायाला भिंगरी आहे हे आई उगीच म्हणायची नाही. याला पाळण्यात ठेवलं तर पाळणाच चालायला लागायचा, असं सगळ्यांना सांगायची.

हे नवं काम मात्र मला मानवलंय. इथे जुन्या जीपगाड्या येतात, चारही चाकांना जोर असलेल्या, दगडधोंड्यांत चढणाऱ्या. त्यांच्या मागच्या सीटा उपटायच्या आणि त्या जागेत घर बसवायचं. थट्टा नाही, खरंच घर. खाली प्लायवूड, भिंतीत फोम, त्यावर परत प्लाय आणि सनमायका. खोकी, खोक्यांवर पलंग, पलंग दुमडला की टेबल, टेबलाखाली पाण्याची टाकी, दाराशी एका शेगडीचं स्वयंपाकघर. आपल्या मोरीएवढ्या जागेत सगळा संसार. वहिनीला सांग, दोनदा झाडू फिरवला की घर स्वच्छ.

मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. काम तपासायला ते पट्टी घेत नाहीत, अंगठ्याचं नख वापरतात. दोन फळ्या जिथे जुळल्या तिथून नख फिरवायचं, अडकलं तर काम परत. त्यांचं एकच म्हणणं, जोड दिसला की काम कच्चं. पहिले काही दिवस माझ्या प्रत्येक जोडावर त्यांचं नख अडकायचं. आता अडकत नाही. मला ते 'वारा' म्हणतात, कारण मी एका जागी थांबत नाही. रंगारी आहे त्याला पोपट म्हणतात, कारण तो समोरच्याचा शेवटचा शब्द परत म्हणतो. उस्ताद म्हणाले, चहा सांग, की हा म्हणतो, सांग. आणि बसून राहतो.

गाडी तयार झाली की पाण्याची परीक्षा असते. ज्याने आतलं काम केलं त्याने आत बसायचं, दार ओढून घ्यायचं, दिवा बंद. बाहेरून पोपट पाइपने चारी बाजूंनी पाणी मारतो आणि आतल्याने अंधारात हात फिरवून ओल लागते का बघायचं. ओल लागली नाही की आपण दार उघडून कोरडे बाहेर यायचं. राजासारखं वाटतं.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं ठेव.

सध्या एक गिऱ्हाईक आलंय. आयुष्यभर जमिनीची मोजणी केली, म्हणून आम्ही त्यांना मोजणीकाका म्हणतो. बोलायला गोड माणूस. स्वतःच्या हाताने नकाशा काढून आणलाय, एक रेघ वाकडी नाही. पण त्यांना जे करून हवंय ते मी आजवर कोणाला करून दिलं नव्हतं. मागच्या खिडक्या उघडणाऱ्या नकोत, काच पक्की हवी. ड्रायव्हरची जागा आणि मागची खोली यांच्यात फळी हवी, पूर्ण, वरपर्यंत. आणि मागच्या दाराला कडी बाहेरून. आतून काही नको.

पोपट म्हणाला, काका, आत काय वाघ नेताय का?

काका हसले नाहीत. म्हणाले, बायको आहे. तिला विसरायचा आजार आहे. घर ओळखत नाही, म्हणून सारखी घरी जायला निघते. एकदा चालत्या गाडीत तिने स्टिअरिंग ओढलं. शेजारी कंटाळले, नातेवाइकांनी येणं बंद केलं. तेव्हा काकांनी ठरवलं की घरच चाकांवर घ्यायचं आणि माणसं नसतील तिथे जाऊन दोघांनी राहायचं. पाणी आणायला पाच मिनिटं खाली उतरलो तर ती दरीच्या कडेला जायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यात काय चूक आहे सांग. मला तर सापडली नाही. उस्तादांनाही नाही. त्यांनी फक्त छतात हवेची एक जाळी हट्टाने घालायला लावली.

तू आपल्या घरातल्या मागच्या खोलीच्या दारासाठी जी वस्तू मागवलीस ती बघतो. बाजार इथून लांब आहे.

तुझा धाकटा


२ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीची कंबर आता कशी आहे? आईने माझं पत्र उशाखाली ठेवलं आणि 'हे कोणाचं' असं विचारत होती, ते वाचून हसलो. नंतर बराच वेळ काम सुधरलं नाही.

इकडे थंडी मी म्हणतेय. सकाळी हातोडी धरवत नाही. पोपटाच्या रंगाच्या डब्यावर साय धरते. परवा त्याने उस्तादांच्या टोपीला चुकून निळा हात पुसला, उस्ताद दिवसभर तशीच घालून फिरले, कोणी सांगितलं नाही. हे आईला सांग, तिला आवडेल. यापुढचं तिला वाचू नकोस.

मोजणीकाका काकूंना घेऊन आले होते, पलंगाची लांबी बघायला. काकू ठेंगण्या, नीट विंचरलेल्या. केस काकाच विंचरतात. बटणंही तेच लावतात, वरून खाली, मोजल्यासारखी. काकू गाडीत चढल्या, उशीवर बसल्या, सगळीकडे बघून म्हणाल्या, छान आहे, कोणाचं आहे? काका म्हणाले, आपलं. त्या म्हणाल्या, मग घरी कधी जायचं?

काका उस्तादांशी बोलायला ऑफिसात गेले. मी दाराशी बिजागरी घट्ट करत होतो. काकूंनी दार आतून ओढून बघितलं, मग त्याच्यावर तळहात फिरवला, वरून खाली. मला विचारलं, "हे आतून कसं उघडायचं रे?"

मी म्हणालो, काका उघडतील ना.

"आणि ते नसले तर?"

मी पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता.

त्यानंतर पाण्याची परीक्षा आली. आत अर्थात मीच. पोपटाने पाणी मारलं, मी हात फिरवला, सगळं कोरडं ठणठणीत. आणि पोपट पाइप गुंडाळून उस्तादांबरोबर चहाला गेला. त्याचीही चूक नाही, दरवेळी आम्ही आपले आपणच बाहेर येतो. या गाडीची कडी बाहेर आहे आणि दार लागलं की ती आपोआप पडते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मी हाका मारल्या. हवेचा पंप चालू होता. भिंतीत फोम मीच भरलाय, चांगला ठासून, आवाज कुठून जाणार?

फार वेळ नाही, त्यांचा चहा होईपर्यंत. पण दादा, एक गोष्ट सांगतो. आतून उघडायला काही नाही हे मला माहीत होतं. ते दार मीच केलं होतं. तरी माझे हात शोधत होते. वर, खाली, कडेला, परत वर. हात ऐकेनात. बाहेर आलो तेव्हा पोपट म्हणाला, घाम आलाय की तुला. मी म्हणालो, फोममुळे गरम होतं. तो म्हणाला, होतं.

मग मी एक केलं. उस्तादांना सांगितलं नाही, काकांनाही नाही. दाराच्या आतल्या फळीत खाच पाडली, त्यात एक छोटी मूठ बसवली, ती बाहेरच्या कडीला तारेने जोडली. मूठ ओढली की कडी सरकते. वर त्याच सनमायकाचं झाकण. झाकणाचा एक कोपरा दाबला की ते फिरतं. काकांना दिसलं असतं तर त्यांनी काढायला लावलं असतं, म्हणून जोड असा बसवला की काय सांगू. उस्तादांनी शेवटची तपासणी करताना त्यावरून नख फिरवलं. अडकलं नाही. म्हणाले, वारा, आता तू कारागीर झालास. आजवर मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं.

गाडी न्यायच्या दिवशी काकूंना एकटं गाठून दाखवलं. त्यांचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं, दाबलं, मूठ ओढली, दार उघडलं. त्या इतक्या खूश झाल्या. परत परत उघडलं, लहान पोरीसारखं. मी म्हणालो, हे आपल्या दोघांतच बरं का. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

गाडी फाटकातून वळून गेली तेव्हा काकू मागच्या काचेतून हात हलवत होत्या. मी पण हलवला. मग गाडी दिसेनाशी झाली आणि पोपट पाइप धुवायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपण हे कोणाला सांगितलं.

विसरणाऱ्या बाईला गुपित सांगितलं, दादा. आणि तिच्याशिवाय कोणालाच सांगितलं नाही.

काकांचा फोन लागत नाही. माणसं नसतील तिथेच जायचं होतं त्यांना.

तू कडीचं परत विचारलंस. बाहेरून पक्की लागणारी, आतून हलवली तरी न हलणारी, अशी. अजून मिळाली नाही.

तुझा धाकटा


१९ जानेवारी

दादा,

नमस्कार. कोण कसं आहे ते या वेळी शेवटी विचारतो.

आधी खोटं निस्तरतो. कडी मिळाली नाही असं मी तुला लिहिलं. इथे फळीवर खोकं भरून पडल्यात. हात लांब केला की मिळेल, एवढ्या जवळ. दर वेळी तुझं पत्र वाचून मी त्या खोक्याकडे बघायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो.

मोजणीकाकांची गाडी परत आली. एका ट्रकवर लादून आणली. काकांच्या पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, दाढी वाढलेली. काकू ट्रकच्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. दोन्ही हातांत काकांचे लोकरी मोजे घातले होते, पायातले.

काका सांगत होते ते उस्ताद ऐकत होते, मी मागे उभा होतो. वर उंचावर ओढ्याजवळ मुक्काम होता. काका कॅन घेऊन पाणी आणायला उतरले. कडी नीट लावली. दोनदा बघितली, म्हणाले. ओढ्यातल्या दगडावर बर्फ होतं. घसरले, आणि पाऊल उलटं फिरलं. मग ते हातांवर सरकत वर चढायला लागले. जी वाट पाच मिनिटांची ती चढता चढता अंधार झाला, मग उजाडलं, आणि ऊन वर आलं तेव्हा हात कडीपर्यंत पोचला. सुरुवातीला छताच्या जाळीतून तिचा आवाज येत होता. म्हणाले, ती मला नावाने हाक मारत होती. कितीतरी दिवसांनी तिला माझं नाव आठवलं होतं. मग आवाज बंद झाला.

उस्तादांनी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

काकू जिवंत आहेत, दादा. अंग गारठलं होतं, बाकी डॉक्टर म्हणाले नशीब. पण हातांना कोणाला हात लावू देत नाहीत.

काकांना दाराची आतली फळी झाकून हवी होती. वरून नवा सनमायका, दुसरं काही नको. तिला ते दिसतं आणि ती थरथरते, म्हणाले. उस्तादांनी मला खूण केली. मी दार उघडलं.

मला वाटलं होतं की बघवणार नाही. पण बघवतं, तेच वाईट आहे. फळीभर ओरखडे. वर, खाली, कडेला, परत वर. माझे हात जिथे जिथे फिरले होते तिथे तिथे. काही इतके खोल की आतला लाकडी रंग दिसतो. आणि ते ओरखडे माझ्या झाकणावरूनही गेलेत. एकदा नाही, पुष्कळदा. सरळ आरपार. झाकण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्या नखांना कळलंच नाही. जोड इतका सफाईदार होता की एकदाही नख अडकलं नाही.

मी काकांच्या समोर कोपरा दाबला. झाकण फिरलं. मूठ ओढली, कडी सरकली. तार जराही गंजली नव्हती.

काका त्या मुठीकडे बघत राहिले. मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी हे काढायला लावलं असतं." मग म्हणाले, "आणि तिला सांगितलंस."

उस्तादांनी सवयीने पुढे होऊन जोडावरून नख फिरवलं आणि हात पोळल्यासारखा मागे घेतला. पोपट तिथेच होता. त्याने कोणाचाच शब्द परत म्हटला नाही.

मी ट्रकपाशी गेलो. काकूंनी मला ओळखलं का, माहीत नाही. मी खाली उभा राहिलो, त्यांनी काच खाली केली, मनगटाने, मोज्यातल्या हाताने. शांतपणे सांगितलं, "मी दार शोधत होते. तुम्ही लोकांनी बसवलंच नव्हतं."

मी हो म्हणालो.

फळी झाकली नाही. काढूनच टाकली. काकांनीच मग सांगितलं, मूठ लाव, मोठी, झोपेतून उठलेल्याला दिसेल अशी. ती पोपटाने लाल रंगवली. मधली आडवी फळीही काढली. काका म्हणाले, ती पळाली तर मी लंगडत मागे जाईन. आता गाडी त्यांच्या पुतणीच्या अंगणात उभी राहणार आहे, पुतणी दिवसा काकूंपाशी बसेल. डोंगर बंद.

आता आपलं.

दादा, आई रस्त्यावर गेली होती तेव्हा ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला, हे तू लिहिलं होतंस. तू कामावर, वहिनी कामावर, शेजारच्या काकूंनी किती दिवस बघायचं? सगळं खरं आहे. आईला बाहेरून कडी लावून तू जातोस, जेवण आत ठेवतोस, संध्याकाळी आल्या आल्या आधी तिचं दार उघडतोस, मग चपला काढतोस. वहिनीनेच मागे कळवलं होतं मला. तुझ्यासारखं मी एक दिवस केलेलं नाही, म्हणून तुला काही सांगायचं तोंड मला नाही. जुनी कडी ती आतून हलवून हलवून सैल करते, म्हणून तुला पक्की हवीय, एवढंच. मोजणीकाकांनीही एवढंच मागितलं होतं.

पण ती सैल करते म्हणजे दिवसभर काय करते, हे तुझ्या डोक्यात आलं का? माझ्या आलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला कडी दिसते.

मी कडी पाठवत नाही. मी स्वतः येतोय. उस्तादांना सांगून झालंय, ते म्हणाले, जा, वाऱ्याला कोण अडवणार, आणि आत गेले. पोपटाकडून तसलीच एक लाल मूठ रंगवून घेतली, ती पिशवीत आहे. आईला चालायचं असतं ना दिवसभर? मी चालेन तिच्याबरोबर. ती म्हणेल तिकडे. घरी जायचं म्हणाली की घरी जायला निघू, थकली की परत फिरू. मला तसंही कुठे बसवत नाही. इतकी वर्षं या पायांचं काय करावं ते कळत नव्हतं मला. किती दिवस टिकेन विचारू नकोस, कारण मलाही माहीत नाही आणि आजवरचं माझं रेकॉर्ड तुला माहीत आहे. पण मी पोचेपर्यंत वहिनीने रजा काढावी, नाहीतर तू काढ. एक दिवससुद्धा नको आता.

आणखी एक काम कर. हे पत्र आईच्या खोलीत बसून वाच. वहिनीला बाहेरून कडी लावायला सांग आणि म्हणावं, तू तुझ्या कामाला लाग. या वेळी काही वगळू नकोस, मोठ्याने वाच, आईला ऐकू दे. तिला कळेल न कळेल. मागच्या वेळी झाकून ठेवलं त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

वाचून झालं की उठ आणि दाराच्या आतल्या बाजूवरून अंगठ्याचं नख फिरव. वरून खाली, मग कडेला. सावकाश. आपलं दार जुनं आहे, त्यात जोड नाही, एकाच फळीचं आहे ते. बाबांनी केलेलं. तेव्हा नख कुठेच अडकायला नको.

अडकलं तर मला लिहू नकोस. आईचे हात हातात घे आणि बोटं बघ.

वहिनीची कंबर कशी आहे?

निघालेला,
तुझा धाकटा